रिकाम्या डब्याचं वजन

आहारबाईंना आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि तीही काही जगावेगळी नव्हती. नातीचा शाळेचा डबा आपण भरायचा, एवढंच. या वयात लोक काय काय मागतात, कुणाला तीर्थयात्रा हवी असते, कुणाला नवे गुडघे. बाईंनी मागून मागून मागितला एक डबा, आणि नेमका तोच त्यांना मिळत नव्हता.

सगळे त्यांना आहारबाईच म्हणायचे. एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरावर त्यांनी पस्तीस वर्षं राज्य केलं होतं. कुणाला मीठ किती, कुणाची साखर बंद, कुणाचं जेवण पातळ, हे त्या ठरवायच्या, आणि तिथले डॉक्टरसुद्धा त्यांच्यापुढे हूं की चूं करायचे नाहीत. रुग्णांची ताटं परत आली की उरलेलं अन्न वजनकाट्यावर ठेवायचं आणि वहीत लिहायचं, ही त्यांची शिस्त. रुग्ण काय बोलतो त्यावर जाऊ नका, त्याचं ताट काय बोलतं ते बघा, असं त्या नव्या पोरींना शिकवायच्या. शिकवणी चांगलीच होती म्हणा. चुकलं ते एवढंच की त्यांनी तो काटा घरी आणला.

आणि त्यातून झालं त्यांचं पुस्तक. चौसष्ट पानांचं, पिवळ्या कव्हरचं, ‘डबा रिकामा येतो’ नावाचं. मुलांसाठी साठ सोपे आणि पौष्टिक डबे, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाखाली ग्रॅममध्ये माप. शेवटच्या पानावर शाळांसाठी आठ सूचना. मागच्या कव्हरवर जाड अक्षरात लिहिलेलं, ‘यातला प्रत्येक डबा लेखिकेच्या मुलीने खाऊन रिकामा आणलेला आहे.’ या एका वाक्यावर पुस्तक सत्तावीस वर्षं खपलं. रडकुंडीला आलेल्या आयांनी ते विकत घेतलं, शाळांनी घाऊक मागवलं, आणि आता प्रकाशकाचं पत्र आलं होतं की नवी आवृत्ती काढतोय, दोन पानांचं मनोगत लिहून द्या.

आणि अशा बाईला तिची स्वतःची लेक सांगत होती, “आई, तू हिला गोष्टी सांग, फिरायला ने, काय लाड करायचे ते कर. डबा तेवढा नको.”

“का पण?”

“नको म्हणजे नको.”

कारण काही सांगायची नाही. लेक मुळातच मितभाषी, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. लोकांच्या दंडात सुई खुपसताना जेवढं बोलावं लागतं तेवढंच ती घरीही बोलायची. नात पहिलीत गेली, शाळा पूर्ण दिवसाची झाली, डबा सुरू झाला, आणि तो भरायचा जावई. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. हात काळे, मन साफ. तो पोरीला रोज लोणी लावलेल्या पावाचे दोन तुकडे आणि सफरचंदाच्या फोडी द्यायचा. रोज तेच. बाईंनी ऐकलं आणि त्या लगेच हिशेब करायला लागल्या. लोहाचं काय? प्रथिनांचं काय? साठ डबे लिहिणाऱ्या बाईची नात, आणि नशिबी लोणी-पाव. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं लोक म्हणतील, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्या भीतीखाली दुसरं दुखणं होतं. लेकीने एवढी वर्षं आपल्या हातचं खाल्लं आणि आता तोच हात तिला पोरीसाठी नको झाला, हे बाईंना लागलं होतं. रात्री नाही, चांगलं दिवसाउजेडी, भाजी निवडताना वगैरे ते आठवायचं आणि हातातली देठं तशीच राहायची.

मग जावयाला नव्या लिफ्टच्या प्रशिक्षणासाठी दोन आठवडे बाहेरगावी पाठवलं. लेकीची पाळी पहाटेची, उपाशीपोटीचं रक्त द्यायला माणसं साडेसहालाच रांगेत उभी राहतात. पोरीची बस यायची पावणेआठला. मधला सव्वा तास कुणीतरी घरी हवंच होतं, आणि दुपारी बस परत यायची तेव्हाही. लेकीने फोन केला.

“आई, दोन आठवडे राहायला येशील?”

“येते की. डब्याचं काय?”

मग लेक म्हणाली, “कर. पण दोन गोष्टी. काटा आणायचा नाही. आणि डबा कसाही परत आला तरी तिला त्यावरून एक शब्द बोलायचा नाही.”

“बरं बाई,” आहारबाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांनी भांडं योग्य होतं, असंही त्यांना वाटून गेलं.

आता बाईंनी काटा आणला नाही, असं मी सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही, आणि बसूही नये. पांढरा, वर ताटली असलेला, सुईचा जुना काटा त्यांनी टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला. वापरणार नव्हत्याच. नुसता बरोबर असावा म्हणून. सवय म्हणतात ती हीच.

सोमवारी त्या पाचला उठल्या. पहिल्या दिवसासाठी त्यांनी हुकमाचा एक्का काढला होता, क्रमांक चौदा, पालक आणि अंड्याची गुंडाळी. पालक निवडून, धुऊन, बारीक चिरून, अंड्यात फेटून त्याची पातळ पोळी तव्यावर टाकायची, त्यावर कुस्करलेले उकडलेले चणे पसरायचे, गुंडाळायचं, तिरक्या चकत्या कापायच्या. तव्यावरून उतरलेली एक चकती त्यांनी तोंडात टाकली. सुरेख झाली होती. त्यांनी चकत्या डब्यात एकावर एक रचल्या, कोपऱ्यात गाजराच्या काड्या ठेवल्या, आणि पावणेसातला झाकण घट्ट लावून टाकलं.

नातीचं घरातलं नाव भिंगरी. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. ती केस विंचरून घेतानाही गोल फिरायची. “आजी, आज काय आहे?”

“मज्जा आहे. तुझ्या आईला फार आवडायचं.”

तीनला बस आली. भिंगरीने दप्तर फेकलं, डबा ओट्यावर ठेवला आणि खेळायला पळाली. बाईंनी झाकण उघडलं. एक चकती अर्धी खाल्लेली, बाकीच्या जशाच्या तशा. गाजरं मात्र गायब.

एक शब्द बोलायचा नाही असं ठरलं होतं. बाईंनी मूग गिळले. पण संध्याकाळी दूध देताना राहवेना. “भिंगरे, गुंडाळी नाही आवडली का गं?”

“नाही. ओली झाली होती,” भिंगरी म्हणाली. कसलाही आडपडदा नाही, भीडभाड नाही. “आणि वास येत होता.”

“वास? तुझी आई तर सगळी संपवायची. डबा इतका लख्ख आणायची, जणू पुसून आणलाय.”

भिंगरीला आईच्या लहानपणात काही रस नव्हता. तिने दुधाची मिशी हाताने पुसली आणि ती निघून गेली. बाई मात्र तिथेच बसल्या. आजकालच्या मुलांना चवच नाही, बापाने लोण्यावर वाढवल्यावर दुसरं काय होणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मंगळवारी क्रमांक बावीस, बीट आणि वाटाणे घातलेला भात, वर दह्याचा गोळा. तो तर जवळजवळ अख्खा परत आला. दही सुटून भात गुलाबी चिखल झाला होता. त्या दिवशी बाईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि टॉवेलातून काटा काढला. कुणी नव्हतं घरात, पण चोराच्या मनात चांदणं. डबा ठेवला, रिकाम्या डब्याचं वजन वजा केलं. पुस्तकातल्या मापाने एकशे ऐंशी ग्रॅम गेलं होतं, एकशे पासष्ट परत आलं. पंधरा ग्रॅम. एवढं तर दवाखान्यात शुद्धीवर येत असलेला माणूससुद्धा खातो. त्यांनी आकडा वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवला.

बुधवारी त्यांनी पुन्हा चौदाच केला. या वेळी पालकातलं पाणी पिळून काढलं, चणे कोरडे भाजून घेतले. हार मानणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. बुधवारी लेकीची पाळी लवकर सुटायची हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि तीनला बस आली तेव्हा लेकच पोरीला उतरवून घेऊन वर आली. बाई ओट्याशी काटा काढून उभ्या होत्या. भिंगरीने डबा त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो सवयीने काट्यावर ठेवला, आणि मग मागे दारात उभी असलेली लेक त्यांना दिसली.

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भिंगरीला सांगितलं, “जा, खाली खेळ जा,” आणि दार लावून घेतलं. मग ती ओट्यापाशी आली, सुईकडे बघितलं आणि म्हणाली, “माझा डबा एकशे दहा ग्रॅमचा होता. झाकणासकट. मला अजून पाठ आहे.”

“असणारच,” बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, विषय बरा चाललाय. “रोज एकशे दहा. वर्ष वर्ष कधी चुकलं नाही. माझ्या वहीत आहे.”

“पाण्याने धुतला की एकशे बारा यायचं. पाणी राहायचं ना कडेला. दुसरीत असताना तू विचारलं होतंस, दोन ग्रॅम कसले. मग मी तो फ्रॉकने पुसायला लागले.”

बाईंनी सुईवरची नजर काढली.

“धुवायचीस? शाळेत? का?”

“कारण मी नाही खायचे, आई. मी कधीच खाल्लं नाही. साठातला एकसुद्धा नाही.”

असं तोंडात मारल्यासारखं झालं की माणूस आधी भलतंच काहीतरी बोलतो. बाई म्हणाल्या, “पण पुस्तकाच्या मागे छापलंय.”

“छापलंय खरं,” लेक म्हणाली.

मग ती स्टुलावर बसली आणि बोलली. आयुष्यात एका दमात ती एवढं कधी बोलली नसेल. तिच्या बाकावर एक मुलगी बसायची. सगळे तिला काडी म्हणायचे, इतकी बारीक. काडीच्या डब्यात पावाचा एक तुकडा असायचा, वर तेल चोळलेलं आणि साखर भुरभुरलेली. काही दिवस तोही नसायचा. पहिल्या आठवड्यात काडीने विचारलं होतं, तुझा डबा मला देशील का, आणि लेकीने देऊन टाकला होता. काडी दोन मिनिटांत सगळं संपवायची, बोटाने कडासुद्धा पुसून घ्यायची. त्या बदल्यात लेक तिचा साखरेचा पाव खायची. काडीने पाव आणला नसेल त्या दिवशी लेक पाणी प्यायची आणि घरी येऊन काय मिळेल ते खायची. तिचं काही अडत नव्हतं. दोघी खुशीत होत्या.

“मग सांगायचं नाही का मला?” बाई म्हणाल्या. “आवडत नाही म्हणायचं. मी दुसरं केलं असतं.”

लेक काट्याच्या ताटलीवरून बोट फिरवत राहिली.

“तू सातला यायचीस दवाखान्यातून. दमलेली असायचीस. बाबा गेल्यावर तर तू बसायचीही नाहीस. बूट काढायच्या आधी तू डबा काट्यावर ठेवायचीस, आणि एकशे दहा आले की हसायचीस. दिवसभरात तेवढंच हसायचीस, आई. मी सात वर्षांची होते. मी काय केलं असतं?”

बाईंना स्वतःचं ते हसू आठवेना. वह्या आठवत होत्या, आकडे आठवत होते, कुठल्या महिन्यात कुठला डबा नव्याने घातला ते आठवत होतं. डबा हातात देऊन, मान वर करून आपल्या चेहऱ्याकडे बघणारी पोर मात्र आठवेना. आईचं ताट काय बोलतं ते पोरीने बरोबर ओळखलं होतं, आणि पोरीचं ताट ओळखायला बसलेली बाई सुई बघत बसली होती.

“आणि मग तुला साखर सापडली,” लेक म्हणाली.

ते मात्र बाईंना लख्ख आठवलं. डब्याच्या झाकणाला रबराची रिंग होती, तिच्या खाचेत साखरेचे चार दाणे. लेक तेव्हा तिसरीत होती. कुणीतरी पोरीला साखर चारतंय म्हणून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पोरीला विचारलं तर अळीमिळी गुपचिळी. मग पुढच्या पालकसभेत बाई उभ्या राहिल्या. दवाखान्यातल्या बाई, पुस्तकाच्या बाई, सगळ्या आया टिपून घ्यायला लागल्या. बाईंनी सांगितलं, की डबे वाटून खाणं दिसायला गोड असतं, पण त्यात आपल्या मुलाच्या पोटात काय गेलं ते आईला कळत नाही, आणि दुसऱ्याच्या घरातलं अन्न कसं बनलंय याचाही भरवसा नसतो. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकेने दुसऱ्याच दिवशी नियम केला. बाईंनी तो पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत शेवटच्या पानावर सातवी सूचना म्हणून घातला, आणि त्यांना त्या सूचनेचा अभिमान होता.

“नियम झाल्यावर दोन-तीन दिवस तुझा डबा भरलेला परत आला होता,” बाई म्हणाल्या. सत्तावीस वर्षांपूर्वीचे आकडे अजून जिभेवर. “मग परत एकशे दहा.”

“हो. मी टाकायला लागले. पाण्याच्या टाकीमागे गटाराची जाळी होती. टीचर जेवताना बाकांमधून फिरायच्या, कुणी कुणाला देतंय का ते बघत. द्यायला बंदी होती ना. टाकायला नव्हती. सुट्टीची घंटा झाली की मी टाकीमागे जायचे, आणि काडी माझ्यामागे यायची. मी तिला म्हटलं होतं, इथे खा, कुणी बघत नाही. पण तिला एकदा पकडलं होतं, तिच्या घरी चिठ्ठी गेली होती. ती घाबरायची. नुसती उभी राहायची. मी तिच्यासमोर ते सगळं जाळीत ओतायचे, आणि ती बघायची.”

खाली भिंगरी कुणाला तरी मोठमोठ्याने पकडलं पकडलं म्हणत होती.

“पुढे काय झालं तिचं?”

“वर्षाच्या मध्येच यायची बंद झाली. बाकावर मी एकटी. टीचरांना विचारलं तर म्हणाल्या, घर बदललं असेल. मला तिचं खरं नावसुद्धा धड आठवत नाही, आई. काडी एवढंच.”

बाईंना काहीतरी बोलायचं होतं. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायचं होतं. पण ते खरं असलं तरी त्याचा उपयोग काय, हे त्यांना कळत होतं. ठाऊक करून घ्यायला फार काही लागलं नसतं. एका दुपारी शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं, बस. दवाखाना शाळेपासून दोन गल्ल्या सोडून होता.

त्यांनी काट्यावरचा डबा उचलला, टेबलाशी बसल्या आणि झाकण उघडलं. आजही चकत्या तशाच होत्या. पालक काळपट पडला होता, अंड्याला निळसर कड आली होती, आणि झाकणाला जमलेलं पाणी गळून सगळ्यात खालच्या चकत्या भिजल्या होत्या. बाईंनी एक चकती उचलून तोंडात घातली.

हे ऐकायला साधं वाटेल, पण बाईंनी हे आयुष्यात कधी केलं नव्हतं. साठच्या साठ डबे त्यांनी तव्यावरून, पातेल्यातून, गरम गरम चाखले होते. सकाळी पावणेसातला बंद केलेला डबा दुपारी उघडून खायचा, हे त्यांना कधी सुचलंच नाही. दवाखान्यात जेवण गाडीवरून गरम जायचं, घरी त्या ताटात गरम घ्यायच्या. डबा खायचं काम मुलांचं. आता ती चकती जिभेवर होती, थंडगार, बुळबुळीत, आणि ओल्या फडक्याचा वास नाकात जात होता. चणे दाताखाली माती लागावी तसे लागत होते. त्यांनी ती गिळली आणि दुसरी उचलली.

“नको खाऊस गं,” लेक म्हणाली.

बाई खात राहिल्या. तिसरी, चौथी. पाणी घेतलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही. सगळ्यात खालची भिजलेली चकती त्यांनी बोटांनी गोळा करून खाल्ली. मग त्यांनी विचारलं, “आणि ही काडी रोज हे खायची?”

“रोज.”

“काही म्हणायची?”

“म्हणायची, तुझी आई जगात सगळ्यात छान स्वयंपाक करते.” लेकीने आईच्या हातातला डबा हळूच काढून घेतला. “भूक लागलेली असायची तिला, आई.”

लेकीने डबा घासला, काटा टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवला. भिंगरी घामाघूम होऊन वर आली, दोघींकडे आळीपाळीने बघून म्हणाली, “भांडलात का?” आणि उत्तराची वाट न बघता पाण्याच्या बाटलीला तोंड लावलं. झोपायच्या आधी लेक दारात येऊन म्हणाली, “उद्या तिला लोणी-पाव दे. सफरचंदाला किंचित मीठ लाव, काळं पडत नाही. दोन आठवडे तूच दे.”

म्हणजे बाईंना जे हवं होतं ते मिळालं. मागताना त्यांना वाटलं होतं, मिळेल तेव्हा किती आनंद होईल.

गुरुवारी त्यांना पाचला उठायची गरज नव्हती, तरी त्या उठल्या. प्रकाशकाचं पत्र टेबलावर पडलं होतं. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, की मागच्या कव्हरवरचं वाक्य काढून टाकावं, आणि शेवटच्या पानावरची सातवी सूचनाही. पुढे कारण लिहायला गेल्या आणि पेन तसंच धरून बसल्या. सव्वासात झाले तेव्हा त्या उठून ओट्याशी गेल्या. पावाला कडेपर्यंत लोणी लावलं, तुकडे केले. दोन डब्यात ठेवले. मग आणखी दोन कापले आणि तेही दाबून बसवले. झाकण जेमतेम लागलं.

भिंगरी दप्तर पाठीला अडकवून गोल फिरत होती. “चार कशाला? मला एवढे जात नाहीत.”

“दोन तुझे,” बाई म्हणाल्या. “दोन शेजारी कुणाला हवे असतील तर दे. कुणी डबा आणला नसेल, कुणाला भूक असेल.”

भिंगरी फिरायची थांबली. आजीला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटलं असावं, कारण ती अगदी समजुतीच्या सुरात बोलली.

“आजी, देता येत नाही. टीचर ओरडतात. आमच्या वर्गात भिंतीवर लावलंय.” आणि नुकतीच वाचायला शिकलेली मुलं म्हणतात तसं, बोट हवेत फिरवत, शब्द न् शब्द सुटा करून तिने म्हणून दाखवलं, “सूचना सात. आपला डबा आपणच खावा. दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्याचा घेऊ नये.”

खाली बसचा हॉर्न वाजला. भिंगरीने डबा उघडला, वरचे दोन तुकडे काढून आजीच्या हातावर ठेवले, झाकण लावलं आणि जिन्यावरून धावत खाली गेली. बाई ते तुकडे घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. बस वळणापलीकडे गेली तरी त्यांना ते खाली ठेवावेसे वाटले नाहीत, आणि खावेसेही वाटले नाहीत.